गाडी मिळाली साहेब, आता कायदा द्या

प्रति,
मा. प्रकाश आबिटकर साहेब, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व दहा आमदार यांस,

स.न.वि.वि.

रुग्णवाहिकेच्या लोकार्पणाला तुम्ही मंडळी न चुकता येता. गाड्या ओळीनं उभ्या असतात, बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, मागच्या दारावर देणाऱ्याचा हसरा फोटो. नारळ फुटतो, किल्ली मोठ्या पुठ्ठ्याची करून हातात दिली जाते, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. यात मला वावगं काही वाटत नाही. गाडी आली हे चांगलंच झालं. पण ती गाडी पुढं कोण चालवणार, रात्री दोनला तिचा फोन कोण उचलणार, आणि ती आली नाही तर कुणाला धरायचं, हे लोकार्पणाच्या भाषणात कधी ऐकलं नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

मी शहरातल्या एका पेठेतल्या तालीम मंडळाच्या रुग्णवाहिकेचा हिशेब ठेवतो. गाडी देणगीतून मिळाली. ती फुकट आली, फुकट चालत नाही. ड्रायव्हरचा पगार, डिझेल, विमा, पासिंग, टायर, ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणणं, आणि उभ्या उभ्या उतरणारी बॅटरी. हे सगळं वर्गणीवर. गणपतीत पेटीत चार पैसे पडतात, उन्हाळ्यापर्यंत पेटी तळाला जाते. दिवसा पगारी ड्रायव्हर असतो. रात्री तालमीतलं एखादं पोरगं किल्ली घेऊन पळतं. पोरगं धडधाकट आहे, मनानं चांगलं आहे, गाडी झकास चालवतं. पण मागं झोपवलेल्या पेशंटचा श्वास अडकला तर काय करायचं हे त्याला येत नाही, आणि शेजारी बसलेल्या नातेवाईकालाही येत नाही.

जिल्ह्यात अशा गाड्या पुष्कळ आहेत. मंडळांच्या, पतसंस्थांच्या, साखर कारखान्यांच्या, दूध संस्थांच्या, ट्रस्टच्या. कोल्हापूरकराला मदतीला धाव म्हणून सांगावं लागत नाही; महापुरात ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. विसर्जन मिरवणुकीत सायरन ऐकू आला की महाद्वार रोडवर दोरखंड बाजूला होतात, ढोल थांबतात आणि त्या गर्दीतून गाडी निघून जाते. पोलिसांनी सांगावं लागत नाही. पण आमच्या मंडळाच्या गाडीनं फोन उचलला नाही, तर आम्हाला कुणी जाब विचारू शकत नाही. आणि ते योग्यच आहे, आम्ही वर्गणीवर चालणारी तालीम. मग जाब विचारायचा कुणाला?

कायद्याची पुस्तकं उघडली की गंमत दिसते. आग लागली तर महापालिकेनं बंब पाठवायचाच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात अग्निशमन दल ठेवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या कामांची 18 कलमी यादी आहे. तिच्यात अग्निशमन सेवा स्वतंत्रपणे लिहिलेली आहे. रुग्णवाहिकेचं नाव त्या यादीत नाही. सार्वजनिक आरोग्य या ढोबळ शब्दात ती कुठंतरी मावत असेल एवढंच. घर पेटलं तर सरकार बांधील, घरातल्या माणसाला झटका आला तर सोय असेल तशी.

पुढं बघा. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 194 ई आलं. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. चांगलं कलम आहे. एआयएस-125 या मानकात रुग्णवाहिकांचे चार प्रकार ठरवून दिले आहेत, पहिल्या मदतीच्या दुचाकीपासून ते व्हेंटिलेटरवाल्या गाडीपर्यंत. रंग, दिवे, स्ट्रेचर, सगळं त्यात आलं. म्हणजे गाडी कशी असावी याला नियम आहे, तिच्या आडवं कुणी येऊ नये याला शिक्षा आहे. ती यावी, याला मात्र कायदा नाही.

आणखी एक कायदा तुमच्याच सभागृहानं केलेला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला ठरल्या मुदतीत दिला नाही तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि अपील कुणाकडं करायचं हेही लिहिलंय. कार्यालयाबाहेर बोर्ड असतो: कुठली सेवा, किती दिवसांत, कोण जबाबदार. दाखल्याला मुदत आहे, हार्ट अटॅकच्या पेशंटकडं निघालेल्या गाडीला कायद्यानं मुदत नाही.

तुम्ही म्हणाल, 108 आहे की. आहे, आणि तिचं मोल मी कमी करत नाही. जानेवारी 2014 मध्ये राज्यात ही सेवा सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या. त्यातल्या 233 सर्व साधनांनी सज्ज, 704 प्राथमिक जीवरक्षक साधनांच्या. त्याआधी खेड्यात पेशंट हलवायचा म्हणजे वडापची जीप किंवा कुणाची तरी मालवाहू गाडी. 108 नं पहिल्यांदा गाडीत डॉक्टर बसवला, बहुधा बीएएमएस झालेला तरुण मुलगा किंवा मुलगी, आणि पेशंटला पैसे मागितले नाहीत. कितीतरी बाळंतपणं या गाड्यांतच सुखरूप झाली आहेत.

पण 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. 937 नं भागलं तर सुमारे एक लाख वीस हजार माणसांमागं एक गाडी. हा भागाकार पुण्यामुंबईत चालेल कदाचित. गगनबावडा लोकसंख्येनं आपल्या जिल्ह्यातला सर्वांत छोटा तालुका. डोकी मोजून गाडी द्यायची म्हटली तर त्याच्या वाट्याला गाडीचं एक चाक येईल. आणि नेमकं तिथंच घाट, धुकं, मुसळधार पाऊस, आणि कोल्हापूरपर्यंत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. साहेब, राधानगरी, भुदरगड, आजरा हे तर तुमचेच तालुके. धनगरवाड्यावरून पेशंटला डोलीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणावं लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको. 108 ची गाडी सडकेवर उभी राहते, तोवरची वाट कुणाच्याच हिशेबात नसते. कायदा करताना मोजमाप माणशी नको. फोन लागल्यापासून पेशंटच्या अंगाला प्रशिक्षित हात लागेपर्यंतची मिनिटं मोजायला हवीत.

आणि 108 ही शेवटी एक योजना आहे. करारावर चालते. वेळेचे निकष करारात असतात; ते मोडले तर सरकार ठेकेदाराच्या बिलातून पैसे कापून घेणार. ज्याच्या घरी गाडी उशिरा पोचली त्याचा त्या करारात कुठं संबंध येतो? तो तिऱ्हाईत. त्याला करार बघायलाही मिळत नाही. सरकार बदललं, निविदा अडकली, मुदतवाढीवर मुदतवाढ झाली की सेवा लोंबकळते. योजना मंत्रिमंडळाच्या एका निर्णयानं गुंडाळता येते; कायदा रद्द करायचा तर सभागृहात उभं राहून तो रद्द का करतोय हे सांगावं लागतं. मला एवढाच फरक हवा आहे, आणि तो लहान नाही.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते सांगतो. असं पत्र लिहिलं की उत्तर तयार असतं: रुग्णवाहिका अत्यावश्यक सेवेतच मोडते. हो, मोडते. पण आपल्याकडचा तो कायदा कशाचा आहे? संप करायचा नाही याचा. मेस्मा, म्हणजे महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण अधिनियम. 2023 च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी कर्मचारी संपावर गेले तेव्हा विधिमंडळानं तो घाईनं पुन्हा मंजूर केला. त्यात कर्मचाऱ्यानं काय करू नये ते लिहिलंय. सरकारनं काय करावं ते नाही. पगार वेळेवर व्हावा, गाडीत ऑक्सिजन असावा, बारा तास गाडी चालवलेल्या माणसाला त्याच पावली पुढच्या कॉलला पाठवू नये, यातलं त्यात काहीच नाही.

त्यामुळं हात जोडून विनंती, मेस्माच्या यादीत आणखी एक ओळ घालून आमची बोळवण करू नका. 108 चे ड्रायव्हर, ज्यांना तिथं पायलट म्हणतात, 102 च्या, म्हणजे बाळंतिणींसाठीच्या, गाड्यांवरचे कंत्राटी ड्रायव्हर, गाडीतले डॉक्टर, यांना बांधून घालायला वेगळा कायदा लागत नाही. ते पोटानं बांधलेले आहेतच. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, आवारात रात्री कुठल्याही ड्रायव्हरशी चहाच्या टपरीवर बोला. पगार कधी झाला हे विचारल्यावर तो आधी हसतो. हा माणूस अपघातातला रक्तबंबाळ पोरगा उचलतो, डिलिव्हरीला अडलेली बाई घाटातून सांभाळून आणतो, आणि दर थोड्या वर्षांनी ठेकेदार बदलला की पुन्हा नवीन उमेदवार होतो. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. मग त्याची पदं, वेतनश्रेणी, कामाचे तास आणि प्रशिक्षण राज्याच्या कायद्यात का येऊ नयेत? आमच्या तालमीच्या त्या पोराला चार महिन्यांचा धडा कुणी दिला तर तो आनंदानं शिकेल. सध्या त्याला विचारायलाही कुणी येत नाही.

जिल्ह्याचं आपलं असं काही आहे, ते मुंबईतल्या मसुदा लिहिणाऱ्याला सुचणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एक, पाणी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या पुढं रस्ते एकेक करून बंद होत जातात. केर्लीजवळ रत्नागिरी रस्ता जातो, गगनबावड्याची वाट तुटते, चिखली-आंबेवाडीला होडीशिवाय जाता येत नाही. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली होता. तेव्हा शहरात गाड्या होत्या, मोठी रुग्णालयं होती, आणि पलीकडच्या माणसाला त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. गाड्या पाण्याच्या एकाच बाजूला अडकून पडतात. पाणी चढायच्या आधीच कुठली गाडी, कुठला डॉक्टर, किती औषधं कुठल्या काठाला ठेवायची हे ठरलेलं असायला हवं. आज ते त्या त्या वेळच्या जिल्हाधिकाऱ्याच्या हुशारीवर आणि स्वयंसेवी पथकांच्या धाडसावर चालतं. आजवर आपल्याला बहुतेक अधिकारी चांगले मिळाले. पुढचा कसा निघेल ते कुणी सांगावं?

दुसरं, ऊस. हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून मार्चपर्यंत रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही, वर गाण्यांचा दणका. सायरन ऐकू येत नाही, आणि आला तरी ती रांग बाजूला घ्यायला जागा नसते. अंधारात ट्रॉलीला मागून धडकलेली दुचाकी ही हंगामातली नेहमीची केस. शिवाय ऊसतोडीला बीडकडून आलेली कुटुंबं फडातल्या खोपटात राहतात. त्यांतल्या गरोदर बाईची नोंद इथल्या उपकेंद्रात असेलच असं नाही, आणि 102 ला गाडी मागवायची तर कुठल्या गावात आलोय हेही तिला नीट सांगता येत नाही. कारखान्यांना गाळप परवाना देताना वजनकाट्यापासून सगळ्या अटी घालता येतात. फडांच्या यादीसह रुग्णवाहिकेची अट घालायला काय हरकत आहे?

तिसरं, हद्द. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर, बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. शिरोळच्या माणसाला मिरज जवळ, म्हणजे जिल्हा बदलला. दुखणं माणसाला जवळच्या रुग्णालयाकडं ओढतं. फाईल त्याला आपल्या हद्दीतल्या रुग्णालयाकडं ओढते. सीमाप्रश्नावर आम्ही पिढ्यान् पिढ्या मोर्चे काढतोय, काढत राहू. पण चंदगडचा पेशंट सरकारी गाडीतून सरळ बेळगावच्या रुग्णालयात पोचवण्याचा आणि त्याचं बिल राज्यानं भरण्याचा करार दोन राज्यांत व्हायला सीमाप्रश्न सुटायची वाट बघायची गरज नाही.

नंबरांचा घोळ तर वेगळाच. अपघाताला 108, बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला 102, सगळ्या संकटांना 112, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033. घरात माणूस कोसळल्यावर म्हातारी आई यातला कुठला लावणार? ती तालमीतल्या पोराला हाक मारते. 108 चा फोन पुण्यातल्या नियंत्रण कक्षात लागतो. तिथल्या माणसाला वाडीचं नाव, खिंड, वळण समजावून सांगण्यात मिनिटं जातात, आणि मध्येच रेंज जाते. आमची गाडी दोन गल्ल्या पलीकडं उभी आहे हे त्या कक्षाला माहीत नसतं, कारण आमची गाडी त्यांच्या नकाशावरच नाही. खासगी, संस्थांच्या, सरकारी अशा सगळ्या गाड्या एका जिल्हा नियंत्रण कक्षाला जोडल्या, जीपीएस लावला, आणि कुठलाही नंबर लावला तरी फोन तिथंच गेला, तर नवीन एकही गाडी न घेता निम्मं काम होईल असं मला वाटतं. हे माझं मत आहे, हिशेबनीसाचं. चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

पैशाचं बोलायला हवं, कारण मंत्रालयात शेवटी फाईल तिथंच थांबते. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठवलं. खाट नाही, सोय नाही. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1996 साली न्यायालयानं सांगितलं, वेळेवर उपचार न देणं म्हणजे घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. त्याच निकालात प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोठ्या रुग्णालयात न्यायला साधनं आणि माणसं असलेल्या रुग्णवाहिकेची व्यवस्था करा, असंही म्हटलंय. कोविडमध्ये, सप्टेंबर 2020 ला, न्यायालयानं राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवायला सांगितलं. म्हणजे न्यायालय आपलं काम करून मोकळं झालं आहे. विधिमंडळाचं राहिलंय.

आणि हे काही आभाळातून पडलेलं मागणं नाही. विधी आयोगानं 2006 मध्ये आपल्या 201 व्या अहवालात तातडीच्या उपचारांसाठी नमुना कायदाच लिहून राज्यांना दिला. शेजारच्या गुजरातनं 2007 मध्ये आपत्कालीन वैद्यकीय सेवांचा कायदा केला. राजस्थाननं 2023 मध्ये आरोग्य हक्क कायदा केला, तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तातडीच्या पेशंटला फुकट बघा म्हणता, आमचे पैसे कोण देणार, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल अगदीच खोटा नव्हता. त्यातून शिकायचं ते एवढंच की देणाऱ्याचं नाव आणि देण्याची मुदत कायद्यातच लिहायची, नियमांवर ढकलायची नाही. केंद्राच्या 2025 च्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोकड न भरता मिळतात; पैसे कुठून येणार हे ठरवता येतं, ठरवायचं असेल तर.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही कित्येक राज्यांत पोलीस आणि अग्निशमन कायद्यानं बांधील, रुग्णवाहिका मात्र स्वयंसेवकांच्या आणि देणग्यांच्या भरवशावर, अशी स्थिती आहे. आयोवा राज्यानं 2021 मध्ये कायदा करून तिथल्या काउंटींना, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या घटकांना, ही सेवा अत्यावश्यक ठरवण्याची आणि लोकांचा कौल घेऊन तिच्यासाठी कर बसवण्याची मुभा दिली. कर म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडणार, माझ्याही पडल्या. पण आम्ही वर्गणी देतोच आहोत की. मंडळाला देतो, संस्थेला देतो, आणि वेळ आली की खासगी गाडीवाला सांगेल तो आकडाही देतो. आरटीओनं ठरवलेलं दरपत्रक असतं म्हणे. पेशंट स्ट्रेचरवर असताना ते कोण वाचत बसतं?

कोल्हापुरात बसून हे लिहिताना शाहू महाराजांचं नाव येणारच. पण जयंतीच्या भाषणात येतं तसं नको. 1917 मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याआधी संस्थानात शाळा नव्हत्या असं नाही, देणगीदार नव्हते असंही नाही. तरी त्यांनी कायदा केला. पैसा कुठून येणार ते ठरवलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडही लावला. शाळा काढणं आणि शिक्षण देण्याची जबाबदारी दरबारानं अंगावर घेणं यातला फरक त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळला होता. रुग्णवाहिकेच्या बाबतीत आपण अजून देणगीदारांच्या काळात आहोत.

विधेयकात काय असावं हे वर ओघात आलंच आहे, तरी ज्यावर मी हटून बसेन ते सांगतो. सेवा देण्याचं कर्तव्य राज्याचं, आणि जिल्ह्यात त्यासाठी नाव घेऊन एक अधिकारी जबाबदार. शहर, सपाट खेडी आणि डोंगरी भाग यांना वेगवेगळी, पण लेखी मिनिटं. दर महिन्याला प्रत्येक तालुक्याचे आकडे जाहीर, किती फोन आले, किती वेळा गाडी वेळेत पोचली, किती वेळा गाडीच नव्हती. ठेकेदाराकडं माहिती आहे आणि ती गोपनीय आहे, हे उत्तर बंद. उशीर झाला तर चौकशी, आणि कुटुंबाला नुकसानभरपाई मागण्याचा हक्क. अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष, जे दुसरीकडं वळवता येणार नाही. रुग्णालयाच्या दारात गाडी आल्यावर पेशंट ठरलेल्या वेळात उतरवून घेणं रुग्णालयावर बंधनकारक. खाट शोधेपर्यंत स्ट्रेचर आणि गाडी दोन्ही अडकून पडतात, तोवर दुसरीकडचा कॉल तसाच राहतो. आणि मंडळांच्या गाड्यांना नोंदणी, तपासणी, प्रशिक्षण आणि त्या बदल्यात डिझेल-विम्याला हातभार. आम्हाला सक्तीनं बंद करू नका, आणि आमच्या जिवावर हातही झटकू नका.

हे शेवटचं जरा परखड लिहितोय, कारण मंडळाच्या गाड्या जितक्या वाढतील तितकं सरकारला निवांत वाटतं, असा माझा अनुभव आहे. दर निवडणुकीआधी जिल्ह्यात गाड्यांची संख्या वाढते. निवडणुकीनंतर त्यातल्या काही कुठल्या तरी शेडमध्ये हवा गेलेल्या टायरांवर उभ्या दिसतात, दारावरचा फोटो उन्हानं फिका पडलेला. गाडी देणाऱ्यानं ड्रायव्हरच्या पाच वर्षांच्या पगाराची सोय केल्याशिवाय लोकार्पण करायचं नाही, एवढा एक नियम जरी तुम्ही आपापसांत केला तरी फार फरक पडेल.

आरोग्य खातं आबिटकर साहेबांकडं, सीपीआर ज्याच्याखाली येतं ते वैद्यकीय शिक्षण खातं कागलच्या हसन मुश्रीफ साहेबांकडं. आरोग्य हा विषय घटनेनं राज्याच्या यादीत दिलेला, त्यामुळं दिल्लीकडं बोट दाखवायलाही जागा नाही. एकाच जिल्ह्याकडं ही दोन्ही खाती असताना हे विधेयक आलं नाही, तर ते पुन्हा कधी येईल मला माहीत नाही. सरकारी विधेयक आणायला वेळ लागणार असेल तर दहापैकी कुणीही आमदार अशासकीय विधेयक मांडू शकतो. पक्षाचा प्रश्नच येत नाही. 108 ला फोन करताना कुणी पक्ष सांगत नाही. येत्या अधिवेशनात निदान लक्षवेधी तरी लावा, म्हणजे तालुकावार आकडे सभागृहाच्या पटलावर येतील. तेवढे आले तरी पुढचं भांडण आम्हाला नीट भांडता येईल.

मसुद्यासाठी समिती नेमलीत तर तिच्यात सनदी अधिकारी आणि ठेकेदाराचे प्रतिनिधी असतीलच. एक पायलट, 108 वरचा एक डॉक्टर, डोंगरी तालुक्यातली एक आशाताई आणि एखाद्या तालमीचा हिशेबनीस एवढे तरी घ्या. आमच्या गाडीच्या खर्चाच्या वह्या समितीला बघायला खुल्या आहेत, डिझेलच्या पावत्यांसकट. बैठक कोल्हापुरात असेल तर मी स्वतः घेऊन येतो; मुंबईत असेल तर एसटीनं येईन, पण तारीख आठवडाभर आधी कळवा, कारण माझ्यामागं वही लिहायला दुसरं कुणीतरी बसवून यावं लागेल.

आपला,
एका तालीम मंडळाच्या रुग्णवाहिकेचा हिशेबनीस
शिवाजी पेठ, कोल्हापूर